स्पेनचा सर्वांत जुना फुटबॉल क्लब : कंपनीचा की गावाचा?

(द्वितीय वर्ष, कला)

स्पेन आणि फुटबॉल हे दोन शब्द जोडीने उच्चारले की आपल्यापैकी बहुतेकांना दोनच नावे आठवतात : रेआल माद्रिद आणि बार्सिलोना. ज्याला थोडी अधिक माहिती आहे तो फार तर बिल्बाओचे नाव घेईल. पण बार्सिलोना क्लबचा जन्म १८९९ चा आणि माद्रिदचा १९०२ चा. या दोघांच्या कितीतरी आधी, २३ डिसेंबर १८८९ रोजी, स्पेनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील उएल्वा नावाच्या बंदरात एक क्लब स्थापन झाला. त्याचे आजचे नाव रेक्रेआतिवो दे उएल्वा. गावातले लोक त्याला लाडाने नुसते ‘रेक्रे’ म्हणतात. तारागोना येथील एक क्लब १८८६ चा आहे, परंतु तो मुळात व्यायामशाळा म्हणून निघाला आणि तेथे फुटबॉल आला तो १९१४ मध्ये. म्हणून सर्वांत जुना फुटबॉल क्लब हा मान उएल्वालाच दिला जातो.

स्पॅनिश लोक या क्लबला ‘एल देकानो’ म्हणतात. देकानो म्हणजे आपल्या विद्यापीठात ज्याला आपण डीन म्हणतो तोच शब्द. अर्थ वडीलधारा, ज्येष्ठ. गंमत अशी की हे डीनसाहेब आयुष्यातला बहुतेक काळ खालच्या वर्गांतच बसलेले आहेत. एवढ्या वर्षांत वरच्या श्रेणीत त्यांनी जेमतेम पाच हंगाम काढले. २०२१ मध्ये तर ते पाचव्या श्रेणीत जाऊन पोचले होते. मग अशा क्लबचा इतिहास वाचायचा कशासाठी? माझ्या मते एकाच कारणासाठी. एखादी संस्था कोणाची असते, ती काढणाऱ्याची, विकत घेणाऱ्याची की तिच्यावर जीव लावणाऱ्याची, या प्रश्नाचे उत्तर या क्लबच्या चरित्रात फार स्पष्ट दिसते.

तांबड्या नदीचा मुलूख

क्लबची गोष्ट मैदानावर सुरू होत नाही, ती खाणीत सुरू होते. उएल्वाच्या उत्तरेला डोंगराळ भागात रिओ तिंतो नावाची नदी उगम पावते. रिओ म्हणजे नदी आणि तिंतो म्हणजे रंगलेली. जमिनीतील लोह आणि गंधकाच्या संयुगांमुळे तिचे पाणी खरोखरच तांबडे दिसते. या परिसरात तांब्याच्या खाणी फार प्राचीन आहेत. रोमन लोकांनीही येथून धातू काढला. पुढे खाणी स्पॅनिश सरकारच्या ताब्यात आल्या, पण सरकारची तिजोरी रिकामी होती. १८७३ मध्ये सरकारने त्या नऊ कोटींहून अधिक पेसेटा घेऊन एका परदेशी गटाला विकल्या. या गटाचा पुढारी ह्यू मॅथेसन हा लंडनचा व्यापारी. त्यातून जी रिओ तिंतो कंपनी निघाली तिचे नाव आजही जगातील मोठ्या खाण कंपन्यांत घेतले जाते.

कंपनीने कामाचा धडाका लावला. खाणीपासून उएल्वा बंदरापर्यंत ८४ किलोमीटरचा लोहमार्ग १८७५ मध्ये तयार झाला. दुसऱ्याच वर्षी ओदिएल नदीच्या पात्रात जहाजे भरण्यासाठी मोठा धक्का उभा राहिला. खनिजाची गाडी डोंगरातून उतरायची, धक्क्यावर यायची आणि माल जहाजात पडून इंग्लंडकडे निघायचा. एक लहानसे मासेमारीचे आणि व्यापाराचे गाव पाहता पाहता खाणीचे बंदर झाले. इंजिनिअर, हिशेबनीस, रेल्वेचे अधिकारी, डॉक्टर अशी ब्रिटिश माणसे येथे येऊन राहिली. ती आपल्याबरोबर चहा, टेनिस, क्रिकेट आणि फुटबॉल घेऊन आली.

पण ती गावात मिसळली असे मात्र नाही. खाणीजवळ कंपनीने आपल्या साहेबांसाठी बेया विस्ता नावाची वसाहत बांधली. तिला भिंत होती, तिच्यात इंग्रजी धाटणीची घरे, स्वतंत्र चर्च आणि क्लब होता. स्पॅनिश मुलीशी लग्न करणाऱ्या इंग्रज नोकराला त्या भिंतीच्या आत राहता येत नसे. भिंतीच्या आत खेळ आणि बाहेर खाण, अशी ती रचना होती. आपल्या देशातही त्या काळी साहेबांच्या छावण्या आणि जिमखाने याच पद्धतीचे होते हे आपण जाणतोच.

गोळीबाराचे वर्ष

भिंतीच्या बाहेर काय चालले होते हेही पाहिले पाहिजे. खनिजातून तांबे वेगळे करण्यासाठी कंपनी खनिजाचे प्रचंड ढीग उघड्यावर रचून त्यांना आग लावी. हे ढीग महिनोन् महिने धुमसत राहत. त्यातून गंधकाचा विषारी धूर निघे आणि हवा पडलेली असली की तो धूर घोंगडीसारखा गावांवर पसरे. पिके करपत. माणसांना श्वास घेणे कठीण होई. धूर फार दाट झाला की काम थांबे आणि त्या दिवशी मजुराची अर्धी मजुरी कापली जाई. म्हणजे धूर कंपनीचा आणि भुर्दंड मजुराला! याशिवाय कंपनीच्या दवाखान्यासाठी मजुरीतून एक पेसेटा कापला जाई तो वेगळाच.

४ फेब्रुवारी १८८८ रोजी मजूर आणि आसपासचे शेतकरी एकत्र येऊन रिओ तिंतोच्या नगरपालिकेसमोर जमले. त्यांत बायका आणि मुलेही होती. धूर बंद करा, कामाचे तास कमी करा, दवाखान्याची कपात थांबवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. बोलावून आणलेल्या सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा तेरा मृतांचा आहे. पण मेलेल्यांची संख्या शंभराच्या पुढे होती असे मानणारे अभ्यासक अनेक आहेत. त्या भागात १८८८ हे साल आजही ‘गोळीबाराचे वर्ष’ म्हणून ओळखले जाते. धुराच्या विरोधातील हे आंदोलन पर्यावरणासाठी झालेल्या जगातील पहिल्या काही लढ्यांत गणले जाते.

आपला क्लब स्थापन झाला तो या घटनेनंतर दोन वर्षे पूर्ण होण्याच्या आत. ही दोन पाने एकमेकांशेजारी ठेवून वाचली नाहीत तर क्लबचा इतिहास अर्धाच कळेल.

डॉक्टर मॅके आणि ‘रिक्रिएशन क्लब’

क्लबच्या संस्थापकांत सर्वांत मोठे नाव डॉ. विल्यम अलेक्झांडर मॅके यांचे. ते मूळचे स्कॉटलंडचे, आणि रिओ तिंतो कंपनीचे डॉक्टर म्हणून उएल्वाला आले. मोकळ्या हवेतील खेळ हे औषधाइतकेच उपयोगी आहेत, असा त्यांचा विश्वास होता. त्यांच्याबरोबर कंपनीतील आणि बंदरातील ब्रिटिश मंडळी होतीच, शिवाय गावातील काही धनिक होते. त्यांत गिलेर्मो सुंदहाइम हा जर्मन वंशाचा उद्योजकही होता. या सर्वांनी मिळून जी संस्था काढली तिचे नाव इंग्रजीच होते : उएल्वा रिक्रिएशन क्लब. आपल्या भाषेत सांगायचे तर तो एक जिमखाना होता. फुटबॉल, क्रिकेट, टेनिस, धावणे, सर्व काही तेथे चाले. पहिले अध्यक्ष चार्ल्स अ‍ॅडम हेही ब्रिटिशच.

क्लबचा पहिला गाजलेला सामना ८ मार्च १८९० रोजी सेविया शहरात, तेथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर झाला. प्रतिस्पर्धी होता नुकताच स्थापन झालेला सेवियाचा क्लब. स्पेनमध्ये दोन क्लबांत नियमांनुसार झालेला हा पहिला सामना समजला जातो. सेवियाने तो २–० असा जिंकला. म्हणजे सर्वांत जुन्या क्लबाने आपल्या कारकिर्दीची सुरुवात हरूनच केली! दोन्ही बाजूंचे जवळजवळ सर्व खेळाडू ब्रिटिश होते. स्पॅनिश मातीवर इंग्रज इंग्रजांशी खेळत होते, आणि स्पॅनिश लोक कडेला उभे राहून पाहत होते.

याच सुमारास, १८९१ मध्ये, मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला. तेथेही सुरुवातीची कित्येक वर्षे ब्रिटिश पलटणीच खेळत आणि पलटणीच जिंकत. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो कप जिंकला तेव्हा कुठे ती परंपरा मोडली. खेळ आणणारा एक आणि खेळ आपलासा करणारा दुसरा, असे जगात अनेक ठिकाणी घडले आहे. उएल्वातही तेच घडायचे होते.

१८९२ मध्ये क्लबला स्वतःचे मैदान मिळाले. त्याचे नाव वेलोद्रोमो. कोलंबस १४९२ मध्ये ज्या पालोस बंदरातून निघाला ते उएल्वाच्या अगदी जवळ आहे. त्या सफरीचा चारशेवा वार्षिकोत्सव गावाने थाटात साजरा केला, त्या वर्षीचीच ही गोष्ट. क्लबचे सामने पुढे १९५७ पर्यंत याच मैदानावर होत राहिले.

क्लब गावाचा झाला

क्लब इंग्रजांच्या हातून गावाच्या हाती नेमका कोणत्या दिवशी आला हे सांगता येत नाही, कारण तो एका दिवशी आलाच नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संघात स्पॅनिश आडनावे वाढू लागली. १९०६ मध्ये राजाच्या नावाने होणाऱ्या चषक स्पर्धेत केवळ तीन संघ होते : माद्रिद, बिल्बाओ आणि उएल्वा. देशाच्या त्या टोकाकडून एवढा प्रवास करून संघ राजधानीत खेळायला गेला, हरला आणि परत आला. ‘रिक्रिएशन’चे ‘रेक्रेआतिवो’ झाले. निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा सदरा हा साहेबांचा गणवेश न राहता गावातल्या पोरांचा सदरा झाला.

मॅके यांच्याविषयी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे उएल्वात काढली, गावातील रोग्यांवरही उपचार केले, आणि पुढे गावाने त्यांना आपले दत्तक पुत्र म्हणून गौरविले. ज्या कंपनीच्या दवाखान्याच्या कपातीविरुद्ध मजूर उठले होते, त्याच कंपनीच्या एका डॉक्टरला गावाने जवळ केले. लोकांचा राग व्यवस्थेवर असतो, माणसाला ते माणूस म्हणून ओळखतात, एवढाच याचा अर्थ.

१९२९ मध्ये स्पेनची राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हा पहिल्या दहा संघांत हा ज्येष्ठ क्लब नव्हता. खेळ आता श्रीमंत आणि मोठ्या शहरांचा झाला होता. मग यादवी युद्ध आले, त्यानंतरची गरिबी आली. १९५४ मध्ये खाणींचा ताबा पुन्हा स्पॅनिश मालकांकडे आला. कंपनीचे साहेब गेले, पण त्यांनी काढलेला क्लब मात्र गेला नाही. तो दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीत वरखाली करीत राहिला.

स्थापनेनंतर तब्बल ८९ वर्षांनी, १९७८ मध्ये, क्लब प्रथमच सर्वोच्च श्रेणीत पोचला आणि पहिल्याच हंगामाअखेर खाली आला. दुसरी संधी मिळाली ती २००२ मध्ये. तो हंगामही एकच टिकला. परंतु त्याच हंगामात क्लबने राजाच्या चषकाची अंतिम फेरी गाठली. २८ जून २००३ रोजी एल्चे येथे मायोर्का संघाने त्यांना ३–० असे हरविले.

क्लबच्या इतिहासातील सर्वोत्तम हंगाम २००६–०७ चा. मार्सेलिनो या प्रशिक्षकाच्या हाताखाली, सांती काझोर्लासारखा तरुण खेळाडू संघात असताना, क्लब वीस संघांत आठवा आला. याच हंगामातील २० डिसेंबर २००६ ही तारीख उएल्वात कोणी विसरत नाही. त्या रात्री रेक्रेआतिवोने माद्रिदच्या बेर्नाबेऊ मैदानावर रेआल माद्रिदला ३–० असे हरविले. गोल करणारे तिघे होते सिनामा-पोंगोल, उचे आणि विकेइरा : एक फ्रेंच, एक नायजेरियन आणि एक स्पॅनिश. परंतु हा सामना पाहायला निघालेल्या चाहत्यांच्या बसला त्याच दिवशी वाटेत अपघात झाला आणि चार जण मृत्यू पावले. क्लबचा सर्वांत मोठा विजय आणि सर्वांत मोठे दुःख असे एकाच तारखेला येऊन बसले आहे.

मालक कोण?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पूर्वी स्पेनमधील क्लब हे सभासदांचे मंडळ असत. वर्गणी भरणारा सभासद मत देई आणि अध्यक्ष निवडी. परंतु क्लबांची कर्जे वाढली तेव्हा सरकारने १९९० मध्ये क्रीडाविषयक कायदा केला. व्यावसायिक श्रेणीत खेळणाऱ्या क्लबांनी भागभांडवलाच्या कंपन्या व्हावे असे त्याने ठरविले. त्यातून केवळ चार क्लब सुटले : रेआल माद्रिद, बार्सिलोना, बिल्बाओचा अ‍ॅथलेटिक आणि ओसासुना. मंडळाची कंपनी झाली की तिचे भाग विकले जातात, आणि ज्याच्याकडे जास्त भाग तो मालक. रेक्रेआतिवोचेही तसेच झाले. एका कंपनीच्या माणसांनी जन्माला घातलेला क्लब, मध्ये काही पिढ्या गावाचा होऊन, शेवटी स्वतःच कंपनी झाला.

याचे परिणाम पुढे दिसले. २००९ मध्ये संघ पहिल्या श्रेणीतून घसरला, २०१५ मध्ये दुसऱ्याही. क्लब एका खासगी कंपनीच्या मालकीचा होता. कर थकला, खेळाडूंचे पगार थकले आणि कर्ज एवढे वाढले की १२६ वर्षांचा क्लब बंद पडेल अशी वेळ आली.

तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. त्यांनी मोर्चे काढले, चाहत्यांचा न्यास स्थापन केला, आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे गोळा केले. २०१६ च्या जूनमध्ये उएल्वाच्या नगरपालिकेने एक वेगळेच पाऊल उचलले. सरकार रस्त्यासाठी किंवा धरणासाठी जमीन संपादन करते हे आपल्याला माहीत आहे. नगरपालिकेने क्लबचे भाग तसेच संपादन करण्याचे ठरविले. हा क्लब म्हणजे केवळ एक धंदा नाही, गावाचा वारसा आहे, असे तिचे म्हणणे होते. जुनी देवळे, किल्ले आणि हस्तलिखिते यांना मिळते तशी वारसा म्हणून मान्यता फुटबॉल क्लबला मिळावी, ही कल्पना आपल्याला नवी वाटेल. पण विचार केला तर त्यात गैर काय आहे? किल्ला दगडांचा असतो. क्लब तर पाच पिढ्यांच्या रविवारांचा बनलेला असतो.

सर्व प्रश्न यामुळे सुटले असे मुळीच नाही. क्लब वाचला, पण घसरण थांबली नाही. २०२१ मध्ये स्पेनने खालच्या श्रेणींची नव्याने रचना केली. पहिल्या श्रेणीत २० संघ, दुसरीत २२, आणि त्यांच्याखाली गटागटांत विभागलेल्या आणखी श्रेणी. या उलथापालथीत रेक्रेआतिवो एकदम पाचव्या श्रेणीत फेकला गेला. ज्या गावात २० हजारांहून अधिक प्रेक्षकांचे स्टेडियम आहे, त्या गावाचा संघ खेड्यापाड्यांच्या संघांशी खेळू लागला. तरीही प्रेक्षक येत राहिले. २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे संघ एकेक पायरी वर चढला.

या इतिहासातून काय घ्यायचे? एक म्हणजे, संस्था जुनी आहे एवढ्यावर ती टिकत नाही. ‘डीन’ ही पदवी क्लबला कर्जापासून किंवा घसरणीपासून वाचवू शकली नाही. दुसरे असे की संस्थेचा उगम कोठे झाला यावरून ती कोणाची हे ठरत नाही. रेक्रेआतिवो ज्या पैशातून उभा राहिला त्या पैशाला खाणीचा धूर लागलेला होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण ज्यांच्या आज्यापणज्यांनी तो धूर सोसला आणि ज्यांना भिंतीच्या आत प्रवेश नव्हता, त्यांच्याच नातवंडांनी तो क्लब बंद पडू दिला नाही. साहेबांचे शाळा-कॉलेज, साहेबांची भाषा, साहेबांचा खेळ हे आपल्यालाही अशाच वाटेने मिळाले आहे. माझ्यासारखे ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात आले आहे, त्यांना तर हा प्रश्न रोजचाच आहे. ही वास्तू आपली आहे की आपण येथे पाहुणे आहोत?

उएल्वाच्या लोकांनी याचे उत्तर भाषणांतून दिले नाही. हरणाऱ्या संघाचे तिकीट काढून त्यांनी ते दिले. कागदावर भाग कोणाच्या नावाचे आहेत हे वर्षागणिक बदलत राहील. पण दर हंगामात जो निळापांढरा रुमाल गळ्यात घालून स्टेडियमच्या पायऱ्या चढतो, क्लब त्याचा आहे. आपल्या कॉलेजच्या जिमखान्यात, वाचनालयात आणि या वार्षिक अंकातही असेच आहे. जो वापरतो, राबतो आणि पडत्या काळात सोडून जात नाही, संस्था त्याचीच होते.